राईसाठी तुमची सही हवी आहे: गावकरी, चाकरमानी आणि मित्रांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

रवळनाथाच्या राईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, कोयता घेऊन जायचं नाही, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलं नाही. वाऱ्याने पडलेलं झाडसुद्धा देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कुणी उचललं नाही, आणि उचललं ते देवळाच्या कामाला. तेवढ्यावर राई पिढ्यान्‌पिढ्या राहिली. पण राईला लागून असलेली मालकीची रानं, म्हणजे तुमची-आमचीच, तशी राहिली नाहीत. दोन वर्षांमागे वरच्या अंगाचं एक रान ठेकेदाराला गेलं. पंधरा दिवस करवत चालली, मग जेसीबी आला. पुढच्या उन्हाळ्यात देवळामागच्या व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी मार्चमध्येच आटलं. ग्रामसभेत हा विषय निघाला तेव्हा आमचे एक वयस्कर मानकरी उठून एवढंच म्हणाले, "राई देवान राखली. पण आता राईक कागद होयो."

तो कागद करायचं गावाने ठरवलं आहे. त्यासाठी हे आवाहन.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. २००२ च्या दुरुस्तीने त्यात दोन तरतुदी आल्या. सरकारी मालकीची जमीन असेल, तर आसपासच्या लोकांशी विचारविनिमय करून राज्य सरकार ती 'संवर्धन राखीव' म्हणून जाहीर करू शकतं. आपल्याच दोडामार्ग तालुक्यात २०२० साली तिलारीचं संवर्धन राखीव क्षेत्र असंच झालं. राधानगरीपासून गोव्याच्या म्हादई आणि कर्नाटकातल्या भीमगडपर्यंत जनावरांची जी वाट जाते, त्या वाटेवर ते आहे. दुसरी तरतूद आपल्यासाठी जास्त महत्त्वाची. गावाने किंवा एखाद्या मालकाने स्वतःहून पुढे येऊन आपली जमीन वन्यजीवांसाठी राखायची म्हटलं, तर तिला 'सामुदायिक राखीव' हा दर्जा मिळतो. 'स्वतःहून' हा शब्द कायद्यातच आहे. मालकाची इच्छा नसेल तर यात काहीच होत नाही.

आपल्या प्रस्तावात दोन्ही आहे. डोंगरमाथ्याचं सरकारी जंगल पहिल्या तरतुदीखाली जावं, अशी मागणी ग्रामसभेने केली आहे. राई आणि तिच्याभोवतीची मालकीची रानं दुसरीखाली जावीत, हे आपल्या हातात आहे.

नुसती राई राखून का भागत नाही, असं अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर धनेश पक्ष्याकडे आहे. राईतल्या म्हाताऱ्या बेहड्याच्या ढोलीत मादी उन्हाळ्याच्या तोंडावर स्वतःला कोंडून घेते. ढोलीचं तोंड आतून लिंपते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पिल्लं मोठी होईपर्यंत तिचं आणि पिल्लांचं पोट नराच्या फेऱ्यांवर असतं. तो फळं आणतो ती कुठून? राईत तेवढी झाडं नाहीत. तो तुमच्या रानातल्या उंबर-वडावर जातो, रान जायफळावर जातो, शेजारच्या गावच्या हद्दीतही जातो. ती झाडं तुटली की फेऱ्या लांबतात, आणि एक दिवस नर परत आला नाही तर ढोलीतलं सगळं कुटुंब संपतं. राई हे त्याचं घर आहे, पण त्याचं स्वयंपाकघर तुमच्या सातबाऱ्यावर आहे. शेकरूचं आणि गव्याचंही थोड्याफार फरकाने तेच.

आणि हे जमू शकतं, याची उदाहरणं जवळच आहेत. हेवाळे-बांबर्डे इथली कानळाची राई पाहा. रान जायफळाच्या दलदलीचा एवढासा तुकडा, अडीच हेक्टरांच्या आसपास. गावाने देवाच्या नावाने जपला होता, म्हणून शासनाने त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ मध्ये तिथेही हाच दर्जा मिळाला. दोन्हीकडे आधी देव होता, मग कागद आला.

आता मनातली शंका. जमीन सरकारजमा होणार का? नाही. सातबाऱ्यावर नाव तुमचंच राहतं. खाजगी जमीन अशी राखीव झाली, तर २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे व्यवस्थापन समितीत जमिनीचा मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा प्रतिनिधी बसतात. बंधन मात्र खरं आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. अधिसूचना निघाल्यावर समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी याशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येणार नाही. तिथे रबर लावता येणार नाही, अननस लावता येणार नाही, प्लॉट पाडता येणार नाहीत. आग लावणं आणि व्हाळात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं, यालाही कायद्याने मनाई येईल. म्हणूनच घरालगतचं परडं, भातशेती आणि लावलेल्या काजूच्या बागा आम्ही हद्दीबाहेर ठेवल्या आहेत. नकाशा पंचायतीत लावला आहे. सही करण्याआधी तो पाहा, घरात बोला, आणि पटलं नाही तर स्पष्ट नाही म्हणा. राग धरणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. एकेका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं आहेत. त्यातली कितीतरी माणसं आता हयात नाहीत आणि वारस नोंदी झालेल्या नाहीत. उरलेली डोंबिवलीत, विरारला, म्हापशाला, एखाददुसरा दुबईत. ठेकेदाराला रान द्यायचं तेव्हा एका भावाचा अंगठा पुरतो, राखायचं म्हटलं की सगळ्यांच्या सह्या लागतात! तेव्हा चाकरमानी मंडळींनो, तुमच्याकडे पहिली मागणी पैशांची नाही, सहीची आहे. तुमचा हिस्सा दोन गुंठ्यांचा असला तरी तुमच्या सहीवाचून जमिनीचा आख्खा गट अडून राहतो.

पैसेही लागणार आहेतच. भूमी अभिलेखची मोजणी फी, हद्दीचे दगड, वारस नोंदींची प्रतिज्ञापत्रं, सावंतवाडीला वनखात्याच्या फेऱ्या. शिवाय फेब्रुवारी ते मे या वणव्याच्या दिवसांत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढायच्या आणि गावातल्या दोन तरुणांना पहाऱ्यासाठी मानधन द्यायचं आहे. ज्याला जे जमेल ते द्यावं. रक्कम कितीही असो, पावती मिळेल आणि हिशेब ग्रामसभेत वाचला जाईल.

ज्यांची इथे जमीन नाही त्यांनीही यावं. गावातल्या झाडापेडांची आणि जीवांची नोंद ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही नव्याने भरायची आहे. झाडं ओळखणारे, पक्षी ओळखणारे, जमिनीचे कागद वाचता येणारे वकील आणि निवृत्त तलाठी हवे आहेत. आणि गावातल्या आजी-आजोबांनी घरी बसू नये. कुठली वेल कशाला औषधी, कुठल्या झाडाला इथे काय म्हणतात, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. चालवत नसेल तर मुलं वही घेऊन तुमच्या पडवीवर येतील.

चतुर्थीला सगळे गावात असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून दुपारच्या आरतीपर्यंत देवळाच्या सभामंडपात समिती बसणार आहे. येताना आधार कार्ड, असेल तर सातबाऱ्याचा उतारा, आणि घरातल्या दिवंगत खातेदारांचे मृत्यूचे दाखले आणावेत. दाखला सापडत नसेल तरी या. नाव आणि साधारण साल सांगा, तो मिळवायचं काम आमच्याकडे.

आपले,
देवराई समिती, मानकरी आणि समस्त ग्रामस्थ