डबीवर आंबोली लिहिलंय

लाइपझिग, रविवार रात्र

प्रिय नंदू,

गणपतीनंतर तुला पत्र नाही, फोन नाही. तुझे निरोप वाचून ठेवले आणि उत्तर उद्यावर ढकलत राहिलो. रागावला असशील तर राग रास्तच आहे. माझी पाठ आता बरी आहे, गोळ्या बंद झाल्या. तब्येतीचं एवढंच.

आज लिहितोय कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. शुभाला सांगितलं तर ती म्हणाली, "डबीवर गावाचं नाव दिसलं, त्यात काय एवढं?" तुला कळेल.

इथल्या एका प्रदर्शनाला गेलो होतो. साप, पाली, बेडूक आणि कोळी विकणाऱ्यांची टेबलं लागतात, ते तुला माहीत आहे. एका टेबलावर नेहमीच्या मेक्सिकन, ब्राझिलियन जातींच्या गर्दीत मागच्या रांगेला चारपाच छोट्या डब्या होत्या. आत कोळ्याची नखाएवढी तपकिरी पिल्लं. लेबलावर 'नियोहेटेरोफ्रिक्टस', म्हणजे आपल्या बिळातल्या केसाळ कोळ्याच्या प्रजातीचं नाव, आणि पुढे 'आंबोली'. रोमन अक्षरांत, स्पेलिंगसुद्धा बरोबर. नंदू, मी तिथेच थांबलो. मास्तरांच्या बॅटरीच्या उजेडात आपण पोटावर पडून ज्या बिळात बघत होतो, ती अख्खी चढण डोळ्यांपुढे आली.

विक्रेता सभ्य होता. म्हणाला, पिल्लं एका पैदास करणाऱ्याकडून घेतली, आईसुद्धा पिंजऱ्यातच जन्मलेली. कागद विचारले तर खांदे उडवले. खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. झाडावर राहणाऱ्या मोठ्या कोळ्यांची पोसिलोथेरिया प्रजाती असती तर त्याला पुरावा दाखवावा लागला असता, कारण २०१९ पासून ती सगळी प्रजाती सायटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. जमिनीत राहणाऱ्या आपल्या बिचाऱ्या तपकिरी कोळ्यांना तेवढंही संरक्षण नाही. आपल्याकडून ते बाहेर कसे आले, हा प्रश्न इथल्या टेबलावर कुणी कुणाला विचारत नाही.

डबी घेतली नाही. मात्र आईची कात मागितली, आणि त्याने ती खरंच टपालाने पाठवली! आता पुढचं नीट वाच.

कात कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा थेंब टाकून भिजवली. मऊ झाल्यावर चिमट्याने पोटाची घडी उलगडली. पुढच्या दोन पुस्तक-फुप्फुसांच्या (पानांसारख्या घड्यांच्या श्वसनपिशव्यांच्या) मधल्या पट्टीत शुक्रपिशव्या दिसल्या. म्हणजे मादी, वयात आलेली. मग तोंडाकडे आलो. पुढच्या छोट्या हातांच्या बुडाचा जो भाग जबड्याला घासतो, तिथे आतल्या अंगाला जाड, गदेसारख्या टोकांच्या दांड्यांची रांग. लायरा! तीच, जिच्यावर जबड्याच्या बाहेरच्या बाजूचे काटे घासून कोळी फिस्स करतो. समोर जबड्यावर काटेही आहेत. हे नियोहेटेरोफ्रिक्टस नव्हेच. तिथे अशी रांग नसते. माझ्या मते हा किलोब्राकिस या दुसऱ्याच प्रजातीतला आहे, जात बहुतेक फिम्ब्रिएटस. पोटावरचे पट्टे कातीत दिसत नाहीत, म्हणून 'बहुतेक' म्हणतो. नर हाती आला, त्याच्या हातांच्या टोकाचा बल्ब, म्हणजे वीर्य सोडायचा अवयव, बघता आला, तर पक्कं सांगेन.

तू आता हसत म्हणशील, "मग झालं की! फिम्ब्रिएटस तर तुमच्या तिकडच्या पोरांकडे कधीपासून आहे. स्वस्ताच्या कोळ्याला महागाचं नाव लावलं, मिटला विषय." मलाही एक रात्र तसंच वाटलं आणि शांत झोप लागली. सकाळी उठलो तो दुसराच विचार घेऊन.

जातीचं नाव चुकलं म्हणून गावाचं नाव चुकलंच असं कुठे आहे? फिम्ब्रिएटस सह्याद्रीतलाच. कुणी तरी खरोखर आपल्या घाटात येऊन बीळ खणलं असेल, मादी उचलली असेल, आणि घरी जाऊन २०१४ साली आंबोलीच्या नावाने प्रसिद्ध झालेली जात आठवून तेच नाव चिकटवलं असेल. गाव खरं, नाव चुकीचं. किंवा गाव केवळ भाव वाढवायला घातलेलं. कातीवरून यातलं काहीच कळत नाही.

आठव ना, पोसिलोथेरिया मेटॅलिका या निळ्या कोळ्यावरून आपण केवढे भांडलो होतो. एसटीत, सगळ्यांसमोर, आणि कंडक्टरने आपल्याला गप केलं होतं. १८९९ साली पोकॉक या अभ्यासकाने तो कोळी आंध्रातल्या गुत्तीहून मिळालेल्या नमुन्यावरून लिहिला. नमुना सापडला होता तिथल्या रेल्वेच्या लाकूड-वखारीत. लेबलावर गुत्ती, आणि कोळी पुढे शंभरेक वर्षांनी मिळाला नंद्याळ-गिद्दलूरच्या जंगलात. लाकडाबरोबर गाडीतून आलेला पाहुणा! मी म्हणत होतो, ठिकाण नोंदलं नाही तर जातीचं नाव लंगडं राहतं. तू म्हणत होतास, ठिकाण छापलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे कुदळ पडते. मी अजूनही माझ्या बाजूने आहे. नोंद हवीच, पण ती संग्रहालयाच्या बाटलीवर, विकायच्या डबीवर नाही. आणि मेटॅलिकाचं पुढे काय झालं ते बघ. आज युरोप-अमेरिकेत घरोघरी पिल्लं मिळतात, आणि जंगलातली जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. दिग्या म्हणतो, डब्यांत आहेत म्हणून जात वाचली. डब्यांत कुठला नर कुठल्या मादीकडे गेला याचा हिशोब नसेल, तर काय वाचलं? त्याच प्रजातीतल्या रेगालिस, स्ट्रायाटा या जाती, सगळं एकमेकांत मिसळून बसलंय. (दिग्याला हे वाचून दाखवू नकोस, लगेच माझ्यावर व्हॉइस मेसेजचा मारा करेल.)

पण खरी काळजी वेगळीच आहे. ओळख चुकली की मला गप्प बसवत नाही, हे तू जाणतोस. इथले पाळणारे मन लावून पाळतात रे. लाल गुडघ्याचा मेक्सिकन कोळी वर्षानुवर्षं स्मिथाय म्हणून पाळला. २०१७ च्या अभ्यासातून कळलं की बहुतेकांकडे आहे तो हॅमोराय, वेगळीच जात. लोकांनी लेबलं बदलली, वह्या दुरुस्त केल्या. ते बघून मला भरून आलं होतं. तसंच इथेही चारचौघांत सांगावं, की बाबांनो, हा तो नाही. माझं कामच ते.

आणि सांगितलं की दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न येणार, "मग खरा आंबोलीचा कुणाकडे आहे?" कुणाकडेच नाही म्हटलं, की तो हवा असणारे दहा जण तयार. खरं नाव सांगून मी त्या चढणीचा पत्ता वाटतोय, असं होईल. खोटं लेबल राहू दिलं तर निदान हौस तरी त्या डबीवर भागेल. पण मग खोट्या नावाची पिल्लं आणखी पिल्लं देणार, आणि पाच वर्षांनी कुणी अभ्यासकाने ती खरी धरली तर? रोज रात्री हेच चाललंय. शुभा दिवा बंद करते, मी परत लावतो.

मला सुचलंय ते असं. विक्रेत्याला खाजगीत लिहितो, लायराचे फोटो जोडतो. जात बदल आणि गावाचं नाव काढ म्हणून विनंती करतो. चारचौघांत अजून काही नाही. पण त्याआधी तू चढणीवर जाऊन यायला हवंस. बांधाच्या कडेने, जांभ्याच्या कापापर्यंत. बिळांची तोंडं शाबूत आहेत का, कुठे ताजी खणलेली माती दिसते का, कुणी बाहेरचे लोक मे महिन्यात राहून गेले का, भाऊंच्या टपरीवर विचार. तिथे सगळं कळतं. खणल्याच्या खुणा असतील तर वनखात्याकडे तूच जा. लेखी दे, पोच घे. परदेशी माणसाने असं काही न्यायचं तर जैवविविधता कायद्याखाली मंजुरी लागते, हेही त्यात लिही. तू स्वतः काही उकरू नकोस. काडीसुद्धा घालू नकोस. मागच्या वेळी घातली होतीस, आणि मी चिडलो तर म्हणालास, "तुका काय कळता?"

तुझ्या मनूला अकरावीला शास्त्र मिळालं, छान झालं. माझ्याकडचं जुनं भिंग तिलाच देणार आहे. छपराचं काम झालं का? काकूंना नमस्कार सांग. कोकम पोचलं, अर्धं संपलंसुद्धा.

पुढचं प्रदर्शन जवळ आलंय, त्याआधी उत्तर हवं. बिळांचे फोटो काढशील तेव्हा मोबाइलचं लोकेशन बंद कर, मागे ते वडाचं झाड येऊ देऊ नकोस, आणि आपल्या ग्रुपवर न टाकता थेट मला पाठव.

तुझा,
विजू