रेंजफाइंडरवर मॅक्रो करायचे तर आधी अंतराचा विचार हवा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत पावसाळ्यातील मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून करायच्या, छायाचित्रणावर आलेला लेख आवडीने वाचला. ठाण्याजवळच्या येऊरच्या रानवाटांवर पहिल्या सरींनंतर काय काय टिपता येते, याचे त्यातील वर्णन नेमके आहे. साहित्याच्या भागात मात्र लेन्समधलेच दृश्य दाखवणारे एसएलआर (आरसा असलेले) व मिररलेस आणि जुने रेंजफाइंडर कॅमेरे यांना एकाच मापाने मोजून सर्वांना सरसकट एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची पोकळ नळी) घेण्याचा सल्ला दिला आहे. रेंजफाइंडर वापरणाऱ्यांनी तो मानला, तर त्यांचे पैसे वाया जातील. ठाण्यात आज अनेक तरुण मुले-मुली आजोबांच्या कपाटातले याशिका इलेक्ट्रो ३५, कॅनोनेट, क्वचित एखादा लायका बाहेर काढून त्यात पुन्हा फिल्म भरू लागली आहेत. त्यांच्यापर्यंत योग्य माहिती पोहोचावी, एवढ्यासाठी हे पत्र.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. लेन्सच्या वर आणि बाजूला असलेल्या स्वतंत्र खिडकीतून पाहतो. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात फोकस करताना लेन्सची मागची कड माउंटमधल्या एका लहानशा चाकाला ढकलते आणि त्या हालचालीने खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येतात. ही जुळणी लायका एम कॅमेऱ्यांवर साधारण ७० सेंटिमीटरपर्यंत, इलेक्ट्रो ३५ वर ८० सेंटिमीटरपर्यंत आणि झोर्कीसारख्या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्यांवर १ मीटरपर्यंतच साथ देते. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये ट्यूब घातली की लेन्सची कड त्या चाकापर्यंत पोहोचतच नाही, आणि खिडकीत काय दिसते याचा फोकसशी काही संबंध उरत नाही. त्यातच लेन्स आणि खिडकी यांच्यातले काही सेंटिमीटरांचे अंतर दोन मीटरवरच्या चेहऱ्याला जाणवत नाही. वीतभर अंतरावरचे तेरड्याचे फूल मात्र तेवढ्याने चौकटीबाहेर जाते. म्हणून कोणतेही साहित्य घेताना ते किती मोठे दाखवील हे विचारण्याआधी, त्यातून अंतर आणि चौकट आपल्याला कशी कळणार, हे विचारावे.

याशिका आणि कॅनोनेट यांची लेन्स कॅमेऱ्यापासून निघतच नाही, त्यामुळे तिथे ट्यूब बसवण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांच्यासाठी फिल्टरसारखी पुढून फिरवून बसवायची क्लोजअप लेन्स हाच मार्ग आहे. इलेक्ट्रो ३५ ला ५५ मिलिमीटरचा आणि कॅनोनेट क्यूएल १७ जी-३ ला ४८ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. ४८ चा आकार सहजी मिळत नाही, तेव्हा ४९ किंवा ५२ पर्यंत नेणारी स्टेप-अप रिंग आधी घ्यावी. क्लोजअप लेन्सवर +१, +२, +३ असे डायऑप्टरचे, म्हणजे भिंगाच्या ताकदीचे, आकडे असतात. कॅमेऱ्याची लेन्स इन्फिनिटीवर (सर्वांत दूरच्या फोकसवर) ठेवली, तर तिची फोकल लेंग्थ (४५, ५०, ९० मिलिमीटर असे तिचे माप) काहीही असो, +१ चा फोकस १ मीटरवर, +२ चा ५० सेंटिमीटरवर आणि +३ चा ३३ सेंटिमीटरवर येतो. हे अंतर क्लोजअप लेन्सपासून मोजायचे असते. कॅमेऱ्यावर कोरलेले आकडे मात्र फिल्मपासूनचे असतात, आणि बहुतेकांची गफलत नेमकी इथेच होते.

४५ मिलिमीटरच्या लेन्सवर +३ लावली की चौकटीत सुमारे २७ बाय १८ सेंटिमीटर जागा मावते. रानहळदीचा फुलोरा, दगडावरचा नेचा, कुजक्या ओंडक्यावरचा अळंब्यांचा झुबका यांसाठी हे माप उत्तम आहे. मृगाच्या किड्यासाठी ते फारच मोठे आहे, आणि हे खरेदीआधीच समजून घेतलेले बरे. क्लोजअप लेन्सने प्रकाश घटत नाही, ही तिची मोठी सोय. ट्यूबने तो घटतो, वस्तू मूळ आकाराइतकी टिपताना पुरते दोन स्टॉप घटतो, म्हणजे एक चतुर्थांश उरतो, आणि लेन्सबाहेरून प्रकाश मोजणाऱ्या जुन्या मीटरला ते कळतही नाही. स्वस्त क्लोजअप लेन्स एकाच काचेची असल्याने कडा मऊ येतात, म्हणून ॲपर्चर (लेन्समधले छिद्र) लहान, एफ/८ किंवा एफ/११, ठेवावे. एफ/११ वर ३३ सेंटिमीटरच्या अंतराला मागेपुढे मिळून सुमारे ४ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे कॅमेऱ्यापुढे बसवलेल्या तारेच्या चौकटीने मोजलेले अंतरही पुरते. मूळ आकाराच्या प्रतिमेत एफ/८ वर हीच खोली जेमतेम १ मिलिमीटर उरते. तिथे तार उपयोगाची नाही, लेन्समधून पाहणे भागच आहे.

ही तारेची चौकट या सगळ्यातला सर्वांत मोलाचा भाग, आणि ती कोणत्याही दुकानात मागून मिळत नाही. कॅमेऱ्यात फिल्म नसताना मागचे झाकण उघडावे, जिथे फिल्म बसते त्या दोन पट्ट्यांवर ट्रेसिंग पेपरचा तुकडा ताणून चिकटवावा, लेन्स इन्फिनिटीवर आणि ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवून शटर 'बी'वर आणावे आणि अडकवून ठेवता येणाऱ्या केबल रिलीजने ते उघडे धरावे. खोलीत अंधार करून समोर दिव्याखाली वर्तमानपत्राचे पान टांगले की ट्रेसिंग पेपरवर ते उलटे उमटते. अक्षरे धारदार दिसेपर्यंत कॅमेरा पुढेमागे सरकवावा आणि मग पानावर, चित्राच्या कडा जिथे संपतात तिथे, पेन्सिलीने खुणा कराव्यात. अंतर आणि चौकट दोन्ही एकदमच हाती येतात. त्या मापाची जाड तार पक्कडीने वाकवून, वरची बाजू मोकळी ठेवून, तीन बाजूंची चौकट करावी आणि ट्रायपॉडच्या स्क्रूच्या जागी बसणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पट्टीला ती पक्की करावी. तार खुणांच्या किंचित बाहेर असावी, नाहीतर ती फोटोत येते. नंतर रानात खिडकीतून पाहण्याची गरजच राहत नाही: फूल तारेच्या चौकटीत आणि तिच्याच पातळीत आले की शटर दाबावे. प्रत्येक डायऑप्टरसाठी चौकट निराळी लागते, म्हणून संच घेण्याऐवजी एकच क्लोजअप लेन्स निवडून तिच्यावर हात बसवावा, असे माझे मत आहे.

लायका वापरणाऱ्यांना अधिक पर्याय आहेत, पण ते महाग आहेत. १९५६ पासून मिळू लागलेल्या ५० मिलिमीटर ड्युअल रेंज सुमिक्रॉन लेन्सला खिडकीपुढे बसणारा चष्म्यासारखा जोड असतो आणि त्याच्यासह रेंजफाइंडर ४८ सेंटिमीटरपर्यंत अचूक चालतो. तो जोड हरवलेली लेन्स कमी किमतीत मिळते, पण त्याच्याविना जवळच्या टप्प्याचा उपयोग नाही. मॅक्रोसाठी ती घेऊ नये. ९० मिलिमीटर एफ/४ मॅक्रो-एल्मार एम ही लेन्स एकटी ७७ सेंटिमीटरपर्यंत जाते आणि तिच्या मॅक्रो ॲडाप्टरसह वस्तू एक तृतीयांश आकारात टिपते. व्हिसोफ्लेक्स ही आरशाची पेटी बसवली की रेंजफाइंडरचा जवळजवळ एसएलआर होतो. ६५ मिलिमीटरची एल्मार खास तिच्यासाठी निघाली होती, आणि मृगाचा किडा फिल्मवर टिपायचा असेल तर मी याच जोडीकडे बोट दाखवीन. वजन मात्र खूप वाढते, आणि येऊरच्या निसरड्या चढावर त्याचा विचार करावाच लागतो. ज्यांच्याकडे लाइव्ह व्ह्यू (लेन्समधले दृश्य पडद्यावर दाखवण्याची सोय) असलेला डिजिटल लायका आहे, त्यांची अडचण निम्म्याहून अधिक मिटते. ९० मिलिमीटरच्या कोणत्याही चांगल्या लेन्सपुढे कॅनन २५०डी सारखी दोन काचांची, +४ ची क्लोजअप लेन्स लावली, तर २५ सेंटिमीटरवरून सुमारे १० बाय ७ सेंटिमीटरची चौकट मिळते आणि फोकस पडद्यावर दिसतो. लायकाच्या एम ८ आणि एम ९ यांना ही सोय नाही, हे जुन्या बाजारात घेताना लक्षात ठेवावे.

लेखात एका गोष्टीचा उल्लेखच नव्हता, आणि ती म्हणजे कागदपत्रांचे छायाचित्रण. निकॉनने १९५६ साली आपली पहिली मायक्रो-निक्कोर काढली ती रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठीच. गुंतागुंतीची कांजी अक्षरे मायक्रोफिल्मवर स्पष्ट वाचता यावीत, ही तिच्यामागची गरज होती. ज्या ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, त्या ठाण्यातल्या घरांतून मोडी कागद, जुन्या सनदा, पोस्टाची तिकिटे यांची वानवा नाही. सपाट कागदाला फोकसची खोली लागत नाही आणि अंतर एकदा मोजले की बदलत नाही, त्यामुळे रेंजफाइंडरला हे काम फार मानवते. जुन्या एन्लार्जरचा (फोटो मोठे करण्याच्या यंत्राचा) खांब, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे, गवंड्याची लहान लेव्हल आणि ५० सेंटिमीटरवर +२ ची क्लोजअप लेन्स एवढ्यावर ए-४ आकाराचा कागद कडेपर्यंत नीट येतो.

जुनी लेन्स फोर्टमधल्या बोरा बाजारात घ्या किंवा ओळखीतून घ्या, मोबाइलच्या टॉर्चचा प्रकाश मागून टाकून तिच्या काचा तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत ती झपाट्याने वाढते. चामड्याच्या मूळ केसमध्ये कॅमेरा पावसाळाभर ठेवणे हे तिला आमंत्रणच आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावा आणि जेलचा रंग बदलला की ते वाळवून घ्यावे.

पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असल्याचे लेखाखाली म्हटले आहे. त्यात रेंजफाइंडरसाठी स्वतंत्र चौकट द्यावी आणि एक्स्टेन्शन ट्यूबचा सल्ला या कॅमेऱ्यांपुरता दुरुस्त करावा, ही विनंती. +२ आणि +३ साठीच्या तारेच्या चौकटींची मापे मी आकृतीसह आपल्या कार्यालयाकडे पाठवू शकेन.

आपला नम्र,
एक वाचक, नौपाडा, ठाणे