रॅम परत करण्याआधी

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

जुन्या ८ जीबीच्या जोडीला नवी ८ जीबीची रॅम (मेमरीची पट्टी, म्हणजे स्टिक) बसवूनही कॉम्प्युटर एकूण ८च दाखवतोय आणि तू ती परत द्यायला निघालायस, असं आईकडून कळलं. थांब लेका. ‘रॅम दिसत नाही’ म्हणून आपल्या दुकानात मशिन येतात, त्यांत खरंच मेलेली स्टिक क्वचित निघते.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघ. तिथं १६ दिसत असेल, तर कॅबिनेट उघडूच नकोस, घोळ विंडोजमध्ये आहे. एमएसकॉन्फिग (msconfig, विंडोजचं सेटिंगचं टूल) उघड, बूटमधल्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि ‘मॅक्सिमम मेमरी’वर टिक असेल तर काढून टाक.

बायोसमध्येही ८च असेल, तर मशिन बंद कर, वायर काढ, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धर. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून मगच आत हात घाल. दोन्ही स्टिक काढ आणि जुनी जिथं होती त्याच स्लॉटमध्ये एकटी नवी लाव. मशिन चालू झालं तर नवी चांगली आहे, दुकानदाराशी भांडण नको. मग जुनी स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघ. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशानं काय झालं ते कळणारच नाही.

बसवताना नीट बघ. पुष्कळ मदरबोर्डांवर क्लिप एकाच टोकाला असते. त्या टोकाला ‘टक्’ आवाज येतो आणि आपल्याला वाटतं बसली, पण दुसरं टोक केसभर वर राहिलेलं असतं. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ दाब. खाच जुळत नसेल तर मात्र जोर करू नकोस. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या, त्यांची खाच मुद्दाम वेगळ्या जागी ठेवलेली असते. चार स्लॉट असतील तर दोन स्टिकसाठी बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा वापरतात. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून घे.

स्टिकच्या काठावरच्या सोनेरी पट्ट्याही बघ. उद्यमनगरातल्या कारखान्यांतून येणाऱ्या मशिनांत त्यांवर लोखंडाची काळी भुकटी बसलेली असते, पावसाळ्यात ओल धरली की ती चिकटूनच बसते. पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पूस आणि कण झटकून टाक. स्लॉटमध्ये पिन, सुई काही घालू नकोस.

दोन्ही स्टिक एका स्लॉटमध्ये चालतात आणि दुसऱ्यात एकही चालत नाही, असं निघालं तर प्रोसेसरच्या बाजूवर संशय घ्यायचा. रॅम सांभाळणारा मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या आतच असतो, स्लॉटच्या तारा प्रोसेसर बसतो त्या सॉकेटमधूनच त्याच्यापर्यंत जातात. सॉकेटमधली एक बारीक पिन वाकली किंवा कूलरचा स्क्रू एका बाजूनं जास्त आवळला, तरी एक चॅनल, म्हणजे रॅमकडं जाणारा एक मार्ग, गायब होऊ शकतो. तू मध्यंतरी कूलर बदलला होतास ना? स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमानं थोडे सैल करून बघ. पिन वाकलेली दिसली तर हात लावू नकोस, सुट्टीला येताना मशिन घेऊन ये. भिंगाखाली मीच बघेन.

काय निघतंय ते रात्री फोन करून सांग. दोन्ही स्टिकच्या लेबलांचे फोटो पाठव आणि बिल जपून ठेव. आईनं चटणी करून ठेवली आहे, शनिवारी पार्सल पाठवतो.

तुझे,
बाबा