अम्मीने पाठवलेला तावीज

कौसा, मुंब्रा (जि. ठाणे)

आदरणीय अब्बा आणि अम्मी यांस,
अस्सलामु अलैकुम.

अम्मीने भावाच्या हाती पाठवलेला तावीज मिळाला. तो गळ्यात न घालता मी उघडून पाहिला, याचा तिला राग येणार हे ठाऊक आहे. काळ्या दोऱ्याखाली मेणकापड, त्यात चार घड्यांचा कागद, आणि त्यावर केशरी शाईने आखलेल्या सोळा चौकटींत नुसते आकडे होते. कुराणातली एकही आयत नव्हती. एवढ्यासाठी त्या आमिलने, म्हणजे तावीज करून देणाऱ्या बाबाने, पाच हजार रुपये घेतले आणि वर, चाचीने आपल्या घरावर करणी केली आहे, असेही सांगितले.

जादू म्हणजे थोतांड, असे सांगायला हे पत्र लिहीत नाही. सिहरचा, म्हणजे जादूचा, उल्लेख कुराणातच आहे, नजर लागते हे हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे, आणि ते मीही मानते. पण अब्बा, तुम्ही रोज फजरच्या नमाजनंतर कुराणाची तिलावत करता, म्हणून तुम्हालाच विचारते. सूरह बकराच्या १०२ व्या आयतीत बाबिलमधल्या हारूत आणि मारूत या फरिश्त्यांची हकीकत येते. ‘आम्ही केवळ परीक्षा आहोत, तू कुफ्र (अल्लाहला नाकारणे) करू नकोस’ असे बजावल्याखेरीज ते कोणाला काही शिकवत नसत, आणि तरीही लोक त्यांच्याकडून शिकत ते काय, तर नवरा-बायकोत फूट पाडण्याची विद्या. अल्लाहच्या हुकमाशिवाय ते कोणाचे काही बिघडवू शकत नाहीत, हेही त्याच आयतीत आहे. आता आपल्या घराकडे पाहा. चाचीने काही केल्याचे कोणी पाहिलेले नाही. आमिलच्या एका वाक्याने मात्र दोन भावांच्या घरांमधले दार बंद झाले. मग फूट पाडणारी विद्या कोणाकडे आहे?

बुखारी शरीफमध्ये खुद्द पैगंबरांवर (सल्ल.) जादू झाल्याची हदीस आहे. लबीद बिन आसम याने कंगवा आणि त्यात अडकलेले केस खजुराच्या नर मोहोराच्या आवरणात घालून विहिरीत दडवले होते. करणारा माहीत होता, जागाही कळली होती. तरीही हे उघड का केले नाही, असे हजरत आयेशांनी विचारल्यावर, अल्लाहने मला बरे केले आहे आणि लोकांमध्ये वाईट गोष्ट पसरवणे मला आवडत नाही, असे उत्तर त्यांनी दिले, आणि ती विहीर बुजवायला सांगितली. ज्यांच्याकडे वही, म्हणजे अल्लाहचा संदेश, येत होती त्यांनी इतका संयम ठेवला, आणि आमच्या आमिलला लिंबू कापताक्षणी चाचीचे नाव दिसते!

गैबची, म्हणजे अदृश्याची, खबर देणाऱ्याकडे जाऊन विचारणाऱ्याची नमाज चाळीस रात्री कबूल होत नाही, अशी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आमिलची मुदत एकवीस दिवसांची आहे, आणि तोवर अम्मीची रक्तदाबाची गोळी बंद! मला खरी भीती वाटते ती याची. अम्मी, निजताना इखलास, फलक आणि नास या सूरह पढून तळहातांवर फुंकर घाल आणि ते हात अंगावरून फिरव. ही पैगंबरांची सुन्नत, म्हणजे त्यांचा रिवाज, आहे, तिला पैसे पडत नाहीत आणि तिच्यासाठी गोळी सोडावी लागत नाही. डॉक्टरांनी सांगितलेली साखरेची तपासणीही राहिली आहे.

ठाण्याहून परतताना लोकलच्या डब्यात ‘सौतन, करणी, खुला चॅलेंज’ अशी चिकटवलेली कागदे रोज दिसतात, आणि त्यांना हसणाऱ्यांत मीही असते. आपल्याच घरात तो कागद मेणकापडात गुंडाळून येईल, असे वाटले नव्हते. अमुक माणूस करणी करतो असे सांगून त्याच्याविषयी संशय पसरवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. हे आमिलला अब्बांनी शांतपणे सांगावे. भांडायला जाऊ नये.

शनिवारी दिवा स्टेशनाहून सकाळच्या गाडीने निघते. ईदला चाचीने सांदण भरून पाठवलेला स्टीलचा डबा अजून आपल्याच फडताळात आहे ना? तो घासून ठेवा. रिकामा डबा परत द्यायचा नाही, ही अम्मीचीच शिकवण, तेव्हा इथून काही तरी करून आणते आणि तो मीच नेऊन देते. अम्मी, तू सोबत आलीस तर बरे होईल.

तुमची लेक