ए बाजूचं शेवटचं गाणं

नाशिक, रविवार दुपार

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू लीड्सच्या त्या धर्मादाय दुकानातला फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, ५० पेन्सला एक, तरी कुणी हात लावत नाही. असल्या सीड्या घ्यायचं तरी कोण?" मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. 'नाऊ दॅट्स व्हॉट आय कॉल म्युझिक', म्हणजे तिकडची चालू हिट गाण्यांच्या संकलनांची मालिका, पुढे आकडा, तीन-चार खोकी भरून. तुझ्या बाबांना दाखवला तर म्हणाले, "रद्दी आहे, दुसरं काय." तुम्हा दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं की मला लेखणी उचलावीच लागते.

तर कोण घ्यायचं? मी घ्यायचे. अगदी त्याच सीड्या नाही, पण त्यांची इथली भावंडं.

पंचवटीतल्या वाड्यात आधी फक्त रेडिओ होता. तुझे आजोबा बुधवारी रात्री आठला 'बिनाका गीतमाला' ही चालू गाण्यांची क्रमवारी लावायचे. नंतर तिचं नाव सिबाका झालं तरी ते बिनाकाच म्हणायचे. अमीन सयानींनी ती १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवरून सुरू केली. त्याच साली केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली, त्यामुळे अख्खा देश सिलोनकडे कान लावून बसला. आजोबांकडे एक वही होती. कुठलं गाणं कितव्या पायदानावर, मागच्या आठवड्यात कुठे होतं, सगळं त्यात लिहिलेलं. पोस्टातला माणूस, हिशेबाला पक्का. एखादं गाणं दोन पायऱ्या घसरलं की "हं, आपटलं!" असं म्हणायचे, जसं काही शेजाऱ्याचं पोरगं नापास झालंय. त्यातली निम्मी गाणी त्यांना आवडायचीही नाहीत, पण वहीत नोंद सगळ्यांची.

मग टेपरेकॉर्डर आला आणि मी बीवायके कॉलेजात गेले. मेनरोडच्या एका बोळात कॅसेट भरून देणारं दुकान होतं. दुकान कसलं, जिना चढताना खालच्या बाजूला राहते ना, तेवढी जागा. आत भिंतभर डेक. काउंटरवर जाडजूड वही, त्यात सिनेमाचं नाव आणि गाण्यांचे नंबर. आपण घरून चिठ्ठी लिहून न्यायची. तो चष्म्यावरून बघून विचारायचा, "साठची की नव्वदची?" साठची म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. आपली गाणी पाच-साडेपाच मिनिटांची, म्हणजे बाजूला पाच बसणार, फार तर सहावं छोटं. चार दिवसांनी जायचं. कार्डावर निळ्या-लाल शाईत यादी लिहिलेली असायची, आणि वर कुणी चुकून दुसरं काही भरू नये म्हणून कॅसेटच्या पाठीचे दोन प्लास्टिकचे दात तो आपल्यासमोर किल्लीने मोडून द्यायचा. त्या 'कट्' आवाजाने वाटायचं, आता ही आपली.

एकदा मी पाचच गाणी दिली होती. उरलेल्या अडीच-तीन मिनिटांत त्याने स्वतःच्या मनाने एक गाणं भरलं. ते पहिल्या अंतऱ्यानंतर खाडकन तुटायचं, कारण फीतच संपायची. मी तणतणत दुकानात गेले. तो शांतपणे म्हणाला, "ताई, कोरी सोडली असती तर बाजू बदलायला तुम्ही उठेपर्यंत नुसती खरखर ऐकली असतीत. त्यापेक्षा हे बरं नाही का?" पैसे परत मिळाले नाहीत. पण त्या कॅसेटमधलं मी निवडलेलं एकही गाणं आज मला चटकन आठवत नाही आणि ते अर्धं गाणं भांडी लावताना तोंडात येतं. पुढे कधीतरी ते रेडिओवर पूर्ण लागलं. मला काही केल्या दुसरा अंतरा आपला वाटेना.

आपण निवडलेल्या गाण्यांच्या शेजारी दुसऱ्याने आणून बसवलेलं एक गाणं. मला वाटतं, तुझ्या त्या खोक्यांत तेच भरलेलं आहे.

फसवणूकही झाली, तीही सांगते. सीबीएस बसस्टँडच्या बाहेर गाड्यावरून मी एक तयार कॅसेट घेतली होती. वर नट-नट्यांचे फोटो, 'यंदाची सुपरहिट गाणी'. घरी लावली तर पहिल्याच ओळीला आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. चाल तीच, ढोलक तोच, आवाज मात्र परका. दारातून मावशीने हाक मारावी आणि बघावं तर दुसरीच कुणी बाई उभी, तसं झालं. कार्डाच्या घडीत बारीक अक्षरात दिलं होतं की गाणी वेगळ्या गायकांच्या आवाजात आहेत. तेव्हाच्या कायद्यात काही अटींवर असं करायची वाट होती, आणि त्या वाटेवर कॅसेटवाल्यांची जत्रा भरली होती.

तुझा फोटो आल्यापासून दोन रात्री मी वाचत बसले होते, तेव्हा कळलं की तुझ्या साहेबाच्या इंग्लंडातही हेच झालं होतं. हॉलमार्क नावाचा स्वस्त लेबल १९६८ पासून 'टॉप ऑफ द पॉप्स' नावाच्या तबकड्या काढायचा. बीबीसीच्या त्याच नावाच्या कार्यक्रमाशी त्यांचा काही संबंध नाही. वर हसणारी मॉडेल, आत चालू हिट गाणी, आणि गाणारे रोजंदारीवरचे. एल्टन जॉननेसुद्धा नाव होण्याआधी असल्या स्वस्त तबकड्यांसाठी गळा भाड्याने दिला होता. लोकांना माहीत नव्हतं असं नाही, पण एका खऱ्या अल्बमच्या पैशात घरात सगळी गाणी येत होती. १९७१ मध्ये तर त्या तबकड्या तिकडच्या अल्बमच्या खपाच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर जाऊन बसल्या आणि मग असल्या स्वस्त मालाला यादीतून बाहेर काढण्यात आलं. मला हसू आलं. आमच्या गाड्यावाल्याला कुणी यादीत घेतलंच नव्हतं, बिचारा.

मूळ आवाजातली गाणी गोळा करणारेही होते. के-टेल ही कॅनडातल्या विनिपेगची कंपनी. तिच्या फिलिप काइव्हसने टीव्हीवरून तवे आणि भाजी चिरायची यंत्रं विकली आणि त्याच हाताने १९६६ मध्ये २५ गाण्यांची तबकडी काढली. पुढे एकेका तबकडीत वीस गाणी कोंबायची म्हणून गाणी आखडायची. खाच बारीक झाली की आवाजही दबतो. एसटीत तिघांच्या बाकावर पाच जण बसवल्यासारखं. बसतात, पण कुणाचंच धड टेकत नाही.

तुझ्या खोक्यातली मालिका त्याच्यानंतरची. १९८३ पर्यंत मोठ्या कंपन्या आपली गाणी अशा लोकांना भाड्याने द्यायच्या. व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीतल्या मंडळींना वाटलं, आपलंच दूध दुसऱ्याला घालून त्याचं ताक विकत का घ्यावं? त्यांनी ईएमआय या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीला बरोबर घेतलं आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये दोन तबकड्यांत ३० गाणी काढली, न कापता, मूळ आवाजात. त्यातली ११ पहिल्या क्रमांकावर जाऊन आलेली. नाव कुठून आलं माहीत आहे? व्हर्जिनच्या रिचर्ड ब्रॅन्सनने आपल्या नात्यातल्या भागीदार भावाला चिडवायला एक जुनं पोस्टर आणून दिलं होतं. डॅनिश बेकनची जाहिरात. कोंबडी गातेय, आणि डुक्कर ऐकता ऐकता तेच वाक्य म्हणतंय. दोन-तीन पिढ्यांनी उच्चारलेलं नाव डुकराच्या तोंडचं!

मग ते इतकं खपू लागलं की १९८९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या अल्बमच्या यादीतून संकलनं वेगळी काढून त्यांची पंगत निराळी मांडावी लागली, कारण खऱ्या गायकांचे अल्बम वर चढेनात. आमच्या एकत्र कुटुंबातही वाटण्या अशाच कारणाने झाल्या होत्या, पण तो विषय आज नको. तुझ्या फोटोत उजवीकडून दुसरी जी ४४ नंबरची आहे, ती १९९९ ची, आणि त्या देशात तिच्या २३ लाखांवर प्रती गेल्या. आता तिला कुणी हात लावत नाही कारण ज्याला हवी होती त्याच्या घरी ती होतीच.

आता तू म्हणशील, प्लेलिस्ट असताना हे कशाला. तुझ्या फोनमध्ये एक गाणं संपलं की त्याच्याच तोंडवळ्याचं दुसरं येतं. सगळी सख्खी चुलत भावंडं. त्या सीडीत तसं नसतं. रडकं गाणं, त्याला लागून नाचाचं, मग कुठल्यातरी मालिकेतल्या नटाने गायलेलं खुळचट काहीतरी, मग एकदम असं एखादं की हातातलं काम थांबावं. ह्या शेजाराला नात्याचं कारण नाही. त्या चार महिन्यांत ती सगळी एकाच वेळी लोकांच्या तोंडी होती, एवढंच. आपली भोगीची भाजी आठव. वांगं, गाजर, ओला हरभरा, घेवडा, बोरंसुद्धा. पौषात बाजारात जे असेल ते. तू लहानपणी वांगं वेचून ताटाच्या कडेला लावायचास, पण चवीत ते होतंच. तीच भाजी मृगात करून बघ. जमत नाही.

म्हणून मला नंतर काढलेले 'सर्वोत्कृष्ट' संच तितके आवडत नाहीत. वीस वर्षांनी काढतात तेव्हा चाळण लागलेली असते, फक्त टिकलेलं उरतं. चालू हिटच्या संकलनात न टिकलेलंही असतं, आणि तो काळ आठवायला तेच जास्त कामाला येतं. टिकलेलं गाणं पुढे लग्नात वाजतं, गणपतीत वाजतं, त्यावर इतर आठवणींचे थर बसतात. विसरलेलं गाणं जिथे ठेवलं तिथेच असतं. कधी अवचित ऐकलं तर थेट त्या जिन्याखालच्या दुकानात नेऊन उभं करतं. उगाच गोडवे गात नाही हं. धंदा होता तो, आणि त्यातली बरीच गाणी मला कुणी पैसे दिले तरी पुन्हा नकोत.

निवडायचा त्रास वाचतो, हेही खरं. २०१७ मध्ये सारेगामाचं 'कारवां' आलं, पाच हजार गाणी आतच भरलेलं, तेव्हा आजोबांना आपण ते दिलं होतं. पहिले दोन दिवस त्यांनी गायकाप्रमाणे बटण फिरवून पाहिलं आणि मग जे लागेल ते ऐकत बसले. फक्त मधूनच विचारायचे, "हे कितवं?" पायदान हवं होतं त्यांना.

माझ्या कॅसेटचं काय झालं ते तुला अर्धवट आठवत असेल. २००८ च्या सप्टेंबरातला पूर. तू सात वर्षांचा होतास. गोदावरीतला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला आणि वाड्याच्या तळघरातली आमची पेटी पाण्यात गेली. ओसरल्यावर मी एकेक कॅसेट उघडून फीत दोरीवर सुकत घातली आणि तू विचारलंस, "आई, ह्या कुणाच्या वेण्या?" सुकल्यावर एक लावून पाहिली, तर गाणारा गुळण्या करतोय असं वाटलं. कार्डावरची निळी शाई धुऊन गेली होती, लाल तेवढी राहिली. गाणी निळ्यात लिहिलेली, नंबर लालमध्ये. आजही डब्यात ती कार्डं आहेत. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि पुढे कोरं.

तर ती ४४ नंबरची घेच. दोन डिस्क असतील, खोक्यात दुसरी आहे का ते उघडून बघ, लोक एकच परत ठेवतात. ओरखडे असले तरी चालतील. आपल्या जुन्या गाडीतला प्लेअर अजून चालतो. डिसेंबरात तुला विमानतळावर घ्यायला येऊ तेव्हा मुंबईपासूनच लावू, पहिल्यापासून, ओळीने. कसारा घाटात कितीही भिकार गाणं लागलं तरी पुढचं बटण दाबायचं नाही, आत्ताच सांगून ठेवते.

तुझी,
आई

ता. क. बाबा आत्ताच खांद्यावरून वाचून गेले. म्हणतात, ५० पेन्सच असतील तर दोन घे.