घमेल्यातला समुद्र

हर्णै,
१८ जानेवारी

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू विचारलंस, "समुद्राचं घमेलं कसं करायचं गं?" म्हणजे पोरांनी हात घालून खेळता खेळता अक्षरं-अंक शोधायचं ते घमेलं. तेव्हा माझ्या मागे बालवाडीतली अठरा पोरं एका झाऱ्यावरून भांडत होती. "लिहून कळवते" म्हटलं आणि फोन ठेवला. आज रविवार, निवांत बसलेय. आधी माझी फजिती ऐक, म्हणजे तुझे पैसे वाचतील.

गेल्या वर्षी मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि हौसेनं तीन किलो तांदूळ निळा रंगवला. खायचा रंग, चमचाभर व्हिनेगर, रात्रभर वर्तमानपत्रावर वाळवण. त्यात प्लास्टिकचे मासे, गुलाबी ऑक्टोपस, चकचकीत मणी, अख्खी मुळाक्षरं आणि एक ते दहा अंक. इतकं देखणं झालं होतं की मीच फोटो काढत बसले. पोरांनी पाच मिनिटांत मणी खिशात घातले आणि तांदूळ एकमेकांच्या डोक्यावर उधळला. क कुठे गेला आणि ख कुठे, कुणाला पत्ता नाही.

संध्याकाळी एका मुलाची आजी त्याला न्यायला आली. बंदरावरच्या लिलावात उभं आयुष्य गेलेली बाई. घमेल्यात वाकून बघितलं आणि म्हणाली, "बाय, तांदूळ पायाखाली?" मी गप्प. मग तिनं तो ऑक्टोपस उचलला. "आनि ह्यो गुलाबी माकूल खंय गावला तुला?" पोरं खदाखदा हसली. खरं सांगू, मलाही हसू आलं. समुद्र माझ्या खिडकीतून दिसतो आणि मी त्याची नक्कल पार्सलनं मागवली होती.

तांदूळ त्याच आठवड्यात बंद केला. आता घमेल्यात वाळू असते. पण किनाऱ्यावरची वाळू उचलून आणली की झालं, असं नाही हं. खारी वाळू हवेतलं पाणी ओढते, कायम दमट राहते आणि खरचटलेल्या हाताला झोंबते. ती चाळायची, गोड्या पाण्यानं तीनदा धुवायची आणि दोन दिवस कडक उन्हात घालायची. तुझ्याकडे परभणीला बांधकामाची वाळू मिळेल. तिच्यात धूळ फार, तेव्हा वरचं पाणी नितळ येईपर्यंत धू. शिंपल्या आम्ही तिसऱ्यांच्याच (त्या खायच्या शिंपल्या गं) घेतो, घराघरांतून जेवणानंतर येतात. त्या दहा मिनिटं उकळून, घासून घ्याव्या लागतात. पहिल्यांदा मी नुसत्या धुतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी वर्गात जो वास सुटला, त्यावर पोरांपेक्षा मांजरं जास्त जमली. धारदार कडा पॉलिश पेपरवर घासायच्या.

आता अंकांचं. आमच्या बाजारात लहान मासळी वाट्यावर विकतात, तुला माहीतच आहे; एवढ्याचा एक वाटा, तेवढ्याचा एक. पोरं जन्मल्यापासून हे बघतात. मी फक्त किनाऱ्यावर वाहून आलेल्या जुन्या स्लीपरी धुऊन त्यांचे बांगडे कापले, पाठीवर काळे पट्टे ओढले आणि वाळूत पुरले. फरशीच्या तुकड्यांवर अंक रंगवले. गिऱ्हाइकानं ४ ची फरशी दाखवायची, विकणारीनं वाळूतून चार बांगडे काढून वाटा लावायचा. पहिल्याच दिवशी एक पोरगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, ह्या वाट्यात एक कमी हाय, मी नाय घेत." एरवी तिला बोटं मोजायला सांगितली की ती छताकडे बघायची. मग घासाघीस सुरू झाली. "एक वर टाक." विकणारीनं टाकला, आणि लगेच ओरडली, "सहा झाले! एक परत दे!" मी बेरजेचा ब उच्चारला नव्हता. त्या वेळी मध्ये तोंड घालायचं नाही, एवढं एक मला फार कष्टानं जमलंय. "शाब्बास, पाच आणि एक किती?" असं विचारलं की बाजार मोडतो आणि शाळा सुरू होते.

एक मात्र लक्षात ठेव. वाळूत शोधायला मी स्लीपरीच्या रबरातून अंकही कापले होते. असा कापलेला ३ पालथा पडला की ६ दिसतो. पोरं बरोबर सांगत होती आणि मी चूक म्हणत होते! दोन दिवस हा घोळ चालला. शेवटी प्रत्येक अंकाच्या पुढच्या बाजूला पॉलिश पेपर चिकटवला. आता खरखरीत बाजू वर ठेवायची हे त्यांचं त्यांना कळतं, आणि खरखरीतावरून बोट आपोआप वळणानं फिरतं.

अक्षरांची गंमत तर वेगळीच. बाजारात मिळणारा संच हिंदीचा निघाला. क्ष, त्र, ज्ञ सगळे हजर, ळ नाही! आणि आमची पोरं बोलतात काय? जाळं, कोळी, नारळ, कोळंबी. अर्धा समुद्र ळ वर उभा. मग ळ सुद्धा स्लीपरीतून कापला. बाकी अक्षरं पिवळी, हा एकटा निळा, म्हणून जो तो त्यालाच शोधायचा. ती दोन वेटोळी डोळे मिटून चाचपली तरी ओळखू येतात. कुठलाही शब्द ळ नं सुरू होत नाही, म्हणून तो शब्दाच्या पोटात ऐकावा लागतो. पोरं आता बोलता बोलता थांबतात, "बाई, बाळात पण हाय!" आमच्या वर्गात मुळाक्षरांची सुरुवात शेवटच्या टोकाकडून झाली म्हण. एका वेळी तीनच अक्षरं पुरते, जास्त नाही. सध्या ळ, म आणि क. क कमळाचा नाही, कासवाचा.

कासवावरून आठवलं. शेजारी आंजर्ल्याला कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे पोरांना ती ठाऊक. ती अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढीच असतात, म्हणून मी चेंडूंवर अक्षरं लिहून वाळूत पुरले. हातानं उकरायचं आणि निघेल ते अक्षर सांगायचं, असा बेत होता. एका मुलानं पहिलं अंडं काढलं, नीट बघितलं आणि परत पुरलं. "आजून पिल्लू नाय झालं." अक्षर विचारलं तर म्हणे, "म हाय, पन त्याला झोपू दे." बाकीच्यांनीही मग कुणाला उकरू दिलं नाही. काय करणार? ते घमेलं तसंच ठेवलंय.

बालवाडीच्या कोर्सला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आपण दोन मार्कांसाठी पाठ करायचो, आठवतं? १९४५, बोर्डी, ग्राम बाल शिक्षा केंद्र. माँटेसरी पद्धतीचं शिकवायचं साहित्य महाग, म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे पोरांच्या हातात दिले. बोर्डीसुद्धा समुद्रकाठीच आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलंच नाही. निळ्या तांदळावर पैसे घालवल्यावर शिरलं.

ते पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी आणू नकोस. गिळले तर पोटात फुगून आतडं अडवतात. ओलं, बुळबुळीत काही हवंच असेल तर सब्जा भिजव, नाहीतर चायना ग्रासची निळी जेली कर. तो पदार्थ समुद्री शेवाळापासूनच होतो. आणि तीन वर्षांखालचं भावंड आलं की बारीक शिंपल्या उचलून ठेवायच्या, मग कितीही रडो.

तुझ्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, ही तुझी खरी अडचण. "थीम आहे, केलीच पाहिजे" असं वरून आलंय म्हणतेस, तर कर. मी शंभरेक उकळलेल्या शिंपल्या आणि दोन मोठे शंख एसटीच्या पार्सलनं धाडते. शंख कानाला लावू दे, मग काय विचारतात ते मला कळव. पण वाटे लावायला बांगडेच कशाला? परभणीच्या बाजारात आठवड्याला काय मांडतात ते तुझ्या पोरांना माझ्याहून जास्त माहीत.

आणि मला त्या बदल्यात कापसाची बोंडं पाठव. इथल्या एकाही पोरानं कापूस झाडावरचा बघितलेला नाही, त्यांना वाटतं तो मेडिकलमध्ये होतो. सरकीसकट पाठव. सालं काढून टाकू नकोस, टोचली तर टोचू देत थोडी.

तुझीच,
मंगी