मुंबई ते लंडन: बाबांच्या हिशेबाला उत्तर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

तिकिटं तुम्हाला मिळाली, बरं वाटलं. फोनवर वेळांचा उलगडा नीट होईना, म्हणून सविस्तर लिहिते.

आई, मुंबईहून दुपारी १ ला निघून त्याच संध्याकाळी ६ ला लंडन, म्हणजे पाच तासांचा प्रवास, असं तू धरून चालली आहेस. तसं नाही गं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. ते मिळवले की झाले साडेनऊ तास. तुम्ही परत जाल नोव्हेंबरात. त्याआधी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, इथली घड्याळं तासभर मागे जातात आणि फरक साडेपाच तासांचा होतो. रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. घड्याळात साडेचौदा तास दिसतात, साडेपाच वजा केले की नऊ उरतात.

बाबा, आता तुमचा प्रश्न. अंतर तेच, मग इकडे येताना अर्धा तास जास्त का?

सरळ हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. मोठं विमान तासाला ९०० च्या आसपास जातं, म्हणून तुम्ही आठ तास काढलेत. पण हा वेग हवेतला आहे, आणि हवाही वाहत असते. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात, थंडीत तो आणखी जोर धरतो. समोरून ८० चा वारा आला तर विमान जमिनीच्या हिशेबाने ८२० नेच पुढे सरकतं, पाठीशी आला तर ९८० ने. असा वारा सगळ्या वाटेवर मिळत नाही, म्हणून तिकिटावर अर्ध्याच तासाचा फरक दिसतो. समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग दाखवतात, तो जरूर बघत राहा, तुम्हाला आवडेल.

शिवाय वाटही सरळ नसते. माळ्यावरचा माझा पृथ्वीगोल काढा आणि मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. तो पाकिस्तान, इराण, काळा समुद्र, युक्रेन, पोलंड असा जाईल. सगळ्यात जवळची वाट तीच. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. लढाया जमिनीवरच्या, पण वळसा वरच्या प्रवाशांनाही पडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

लंडनच्या हिथ्रो विमानतळावर गर्दी असली की विमान उतरण्याआधी हवेत घिरट्या घालतं. आई, तेव्हा घाबरू नकोस, इथे ते रोजचंच आहे. हातातलं घड्याळ विमानात बदलू नकोस, रक्तदाबाची गोळी त्याच वेळेवर घे. इथे आल्यावर वेळ कशी बसवायची, ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेव. बाबा, तुम्हाला कडेची जागा घेतली आहे, अधूनमधून उठून चाला, गुडघे आखडू देऊ नका.

उतरल्यावर पासपोर्टची रांग आणि सामान यात तास-दीड तास जाऊ शकतो. धावपळ करू नका, मी बाहेर थांबलेली असेन.

तुमची,
मनू